मालवणला चार दिवस कशासाठी काढावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सहा माणसं, त्यात सत्तरीतले आईबाबा आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं. गोवा दोनदा झालाय. हातात पाच दिवस आहेत. "मालवणला किल्ला आणि स्कूबा सोडलं तर काही नाही, दोन दिवसांत कंटाळा येतो" असं कोणीतरी सांगितलं. मग जावं की नाही, आणि जायचं तर डिसेंबर की मे?

कंटाळ्याची तक्रार खोटी नाही. ज्यांना कंटाळा येतो त्यांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो: रात्रभर गाडी हाकायची, सकाळी पोचून अकराच्या उन्हात स्कूबा, दुपारी किल्ला, संध्याकाळी त्सुनामी आयलंड, दुसऱ्या दिवशी कुणकेश्वर करून विजयदुर्ग. पॉइंट संपले की सहल संपली. तसे मोजायला बसलात तर सिंधुदुर्गातली यादी खरंच छोटी आहे. तुमच्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. सहा ते सत्तर वयाची माणसं एकाच घरी मुक्काम करून, रोज बॅगा न भरता, चार दिवस रमतील का? माझ्या मते रमतील, पण महिना आणि मुक्कामाची जागा नीट निवडली तर.

आधी ज्यांना मी इथे यायचा सल्ला देत नाही ते सांगतो. रात्री दहानंतर बाहेर काहीतरी चालू हवं असेल, तर मालवण नऊ-साडेनऊला झोपायला लागतं. मोबाइलवरून टॅक्सी मागवायची सवय असेल तर इथे ती मिळेलच असं नाही. रिक्षा किंवा स्वतःची गाडी. आणि घरात मासे कोणीच खात नसेल तर येण्याचं एक मोठं कारण कमी होतं, निम्मं म्हटलं तरी चालेल. शाकाहाऱ्यांचे हाल होतात असं मात्र नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आता कारणं. पहिलं कारण पाणी, आणि त्यातही पाण्याचं वेळापत्रक. तारकर्ली-देवबाग हा वाळूचा एक लांब पट्टा आहे, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. दहा मिनिटं चाललात की लाटांपासून शांत पाण्यापर्यंत पोचता. मुलांना लाटा हव्यात आणि आईबाबांना सावलीत बसून होड्या बघायच्यात, हे दोन्ही एकाच मुक्कामात जमतं. मालवण गावातला चिवला किनारा तर आणखी सोपा. समोर खडक असल्यामुळे पाणी बऱ्यापैकी निवांत असतं. सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी तिथेच न्या, तारकर्लीच्या लाटांत नको.

भरती-ओहोटी बघून दिवस आखला तर याच किनाऱ्यावर रोज वेगळं काहीतरी हाताला लागतं. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराला आणि ओहोटी संध्याकाळी सव्वापाचला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे बोट ठरवताना मोबाइलवर मालवणची वेळ बघून घ्या किंवा बोटवाल्याला विचारा. सहल आखायला मात्र घरातलं पंचांग पुरतं.

याचा उपयोग असा. कर्लीच्या मुखाशी जो वाळूचा दांडा उघडा पडतो, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, तो ओहोटीलाच बघण्यासारखा असतो. भरतीच्या वेळी गेलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढून परत. चतुर्थी ते सप्तमी या दिवसांत ओहोटी सकाळी नऊ ते साडेअकराच्या दरम्यान येते, म्हणजे ऊन चढायच्या आत काम होतं. पौर्णिमेच्या आसपास आलात तर संध्याकाळी किनारा लांबच लांब रुंद होतो. ओली वाळू घट्ट असते, आईबाबांना चालायला त्यापेक्षा चांगली जागा नाही. त्याच दिवसांत संगमावर प्रवाहाला ओढ फार असते, तिथे पोहायला उतरू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. उलट अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे पाण्याची चढउतार कमी, वाळू कमी ढवळते, त्यामुळे पाण्याखाली जास्त दिसतं. स्कूबा किंवा स्नॉर्कलिंग करायचं असेल तर तारखा तिथे बसवा.

स्कूबाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण पैसे आणि निराशा दोन्ही तिथेच होतात. अंदमानसारखं निळंशार पाणी इथे नाही. चांगल्या दिवशी पाच-सहा मीटर दिसलं तरी उत्तम म्हणायचं. तुम्हाला खाली नेतात ते पाच-सात मीटरपर्यंत, प्रत्यक्ष पाण्याखालचा वेळ दहा-पंधरा मिनिटं. सहा वर्षांच्या मुलाला नाहीच; दहा वर्षांच्या मुलाला त्याची स्वतःची इच्छा असेल तरच, आणि आदल्या दिवशी चिवल्याला मास्क लावून तोंड पाण्यात घालायचा सराव करून. बहुतेकांचं बिनसतं ते कानामुळे. नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची, ती पहिल्या मीटरपासून आणि दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर जोर लावला तर कान सुटत नाही. थोडं वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी, दमा, हृदयाचा त्रास, ताबा नसलेला रक्तदाब, गर्भारपण यांपैकी काहीही असेल तर उतरू नये. स्कूबानंतर त्याच दिवशी विमान नको, मध्ये बारा तास हवेतच, अठरा सोडले तर बरं. आणि काही जण पाव-बिस्किटं टाकून मासे गोळा करतात, म्हणजे फोटो छान येतो. ते नको म्हणून आधीच सांगा. मालवणचा हा समुद्र 1987 सालापासून सागरी अभयारण्य आहे, तिथल्या माशांना पावाची गरज नाही.

दुसरं कारण सिंधुदुर्ग किल्ला, पण तासाभरात उरकायचा नव्हे. 25 नोव्हेंबर 1664 ला कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालं, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली. क्षेत्र सुमारे 48 एकर. तटाच्या पायात शिसं ओतल्याचं सांगतात. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्यं म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात हा आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. होडीवाले साधारण तासभर थांबतात आणि तेवढ्यात सगळे शिवराजेश्वर मंदिर बघून, नारळपाणी पिऊन परततात. चढताना होडीवाल्याशी बोलून घ्या. पुढच्या फेरीच्या होडीने परत यायची सोय बऱ्याचदा होते, आधी विचारलं तर.

दरवाजाशी दोन मिनिटं थांबा. होडीतून येताना तो दिसतच नाही. दोन बुरूज एकमेकांना असे वळसा घालतात की अगदी जवळ गेल्यावर वाट कळते, आणि वळणामुळे आत शिरणाऱ्याला सरळ धाव घेता येत नाही. मुलांना आधी होडीतूनच "दरवाजा शोधा" म्हणून सांगा. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांनी बांधलं. तिथली महाराजांची मूर्ती नेहमीच्या चित्रांसारखी नाही, दाढी नाही आणि डोक्यावर टोपी आहे. तटावर चढायच्या पायऱ्या आईबाबांना जमल्या नाहीत तरी काही बिघडत नाही, मंदिरापर्यंतची वाट बऱ्यापैकी सपाट आहे. त्यांचा खरा कस होडीत चढता-उतरताना लागतो. म्हणून सकाळची पहिली होडी धरा: वारा कमी, गर्दी कमी, हात द्यायला माणसं मोकळी. लाइफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवू नका, बंद लावा.

तिसरं कारण जेवण. इथे घरी राहायचा सल्ला मी देतो तो मुख्यतः यासाठी. रस्त्याकडेच्या हॉटेलात सुरमई-पापलेटची थाळी मिळेल, ती पुण्यातही मिळते. घरगुती निवासात "आज काय आलंय?" असं विचारलंत की गणित बदलतं. बांगडे, तारल्या, सौंदाळे, मुडदुशे, तिसऱ्या, कधी कालवं. हे स्वस्त असतं, ताजं असतं आणि करणाऱ्या बाईच्या हातात मुरलेलं असतं. बांगड्याचं तिखलं मागून खा. सुक्या मिरच्या आणि ओलं खोबरं वाटून त्यात आमसुलं आणि जरासं ठेचलेलं तिरफळ. फोडणी नाही. बांगडे सोडल्यावर डाव घालायचा नाही, भांडंच दोन्ही हातांनी धरून फिरवायचं, नाहीतर तुकडे मोडतात. शेवटी वरून कच्चं खोबरेल. तिरफळ चावायचं नसतं, मुलांना आधी सांगा, नाहीतर जीभ बधिर होऊन जेवण तिथेच संपेल.

मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी होड्या लागल्या की मासळीचा लिलाव होतो, तो जरूर बघा. वाळूवरच वाटे मांडलेले असतात, भाव पुकारणारा श्वास न घेता आकडे चढवत जातो आणि बाहेरच्याला कळायच्या आत वाटा उचललेला असतो. तिथे बोली लावायच्या फंदात पडू नका, तो व्यवहार घाऊकवाल्यांचा. बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्या. कल्ले लालभडक, डोळा फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलं तर खड्डा राहत नाही, एवढं बघितलं तरी पुरे. घेतलेला मासा तुमच्या यजमानीण बाई करून देतील का हे मात्र सकाळीच विचारलेलं असावं. सोमवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत.

शाकाहारी ताटात काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, घावने आणि नारळाचा रस, खटखटं, सोलकढी हे सगळं येतं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ओल्या काजूंची उसळ. ती मिळाली तर मासे खाणारेसुद्धा तिकडे वळतात.

चौथं कारण समुद्रापासून आत आहे आणि बहुतेकांकडून सुटतं. एक दिवस पाण्याला सुट्टी द्या. मालवणहून कुडाळच्या वाटेवर धामापूरचा तलाव लागतो, 1530 सालचा, काठाला भगवतीचं देऊळ. सकाळी तिथे तासभर. मग कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या. परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. आधी फोन करून गेलात तर खेळ बघायला मिळण्याची शक्यता वाढते, आणि सहा वर्षांचं मूल तिथून उठायला तयार होत नाही. तिथून सावंतवाडी: राजवाडा, गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, चितार आळीतली लाकडी खेळणी, मोती तलावाची फेरी. अंधार पडायच्या आत मालवणला परत. दिवाळीनंतर गावोगाव जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळासमोर दशावतार रंगतो. नाटक बरंच उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं, पण पहिला तासभर बसलात तरी चालेल. कोणत्या गावी कधी, हे यजमानांशिवाय कोणी नीट सांगू शकत नाही. बाबांसाठी घरून एक खुर्ची उचला.

विजयदुर्ग या मुक्कामात घालू नका. मालवणहून जाऊन-येऊन पाच तास गाडीतच जातात. तो देवगडला राहून करायचा किल्ला आहे, पुढच्या खेपेला. वेंगुर्ला-शिरोड्याचंही तसंच. ती बाजू जास्त शांत आहे, पण आधी मालवण बघितलेलं असलं की तिथलं वेगळेपण कळतं.

आता डिसेंबर की मे. दोन्ही, पण तारखा बघून. सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी अखेर. पाणी निवळलेलं, सकाळी गार, घाम नाही. यातले 24 डिसेंबर ते 2 जानेवारी हे दिवस वगळा. देवबागला जाणारा रस्ता एकच आणि अरुंद. त्या आठवड्यात दोन गाड्या समोरासमोर आल्या की मागे रांग लागते, आणि खोल्यांचे दर भलतेच चढतात. शाळा बुडवायची नसेल तर दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा किंवा प्रजासत्ताक दिनाला जोडून दोन दिवस घ्या. आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते, दरवर्षी वेगळी, आणि त्या दिवसांत रेल्वेपासून रस्त्यापर्यंत सगळं भरलेलं असतं. जत्रेलाच जायचं असेल तर वेगळी गोष्ट, नाहीतर तारीख विचारून टाळा.

मे महिन्यात आंबा, फणस, करवंदं, जांभळं, म्हणजे मुलांची चंगळ. पण दुपारी अकरा ते चार बाहेर पडवत नाही, आणि दमट हवेने आईबाबा दमतात. जायचंच तर 20 मेच्या आत परतायचं बघा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून 31 ऑगस्टपर्यंत प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, किल्ल्यावर जाता येत नाही. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी, तेव्हा ताज्या माशांसाठी पावसाळ्यात येऊ नका. गणपतीत तर मुळीच नको. घरोघरी स्वतःचे चाकरमानी आलेले असतात, पाहुण्यांना जागा नसते आणि गाडीचं तिकीटही मिळत नाही. तुमच्या कुटुंबासाठी माझा कौल जानेवारी अखेरचा.

मुक्काम तारकर्लीत किंवा मालवणच्या वेशीवर ठेवा, देवबागच्या टोकाला नको. टोकाची जागा सुंदर आहे, पण रात्री कोणाला बरं वाटेनासं झालं तर तेवढं अंतर नको वाटतं. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठी सोय लागली तर ओरोसला जिल्हा रुग्णालय. बुकिंगच्या आधी फोनवर हे विचारा: तळमजल्यावर खोली आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, आणि दारातून वाळूपर्यंत किती पावलं. "समुद्राजवळ" याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. जेवणाचं सकाळी दहाच्या आत सांगायची पद्धत आहे. दुपारी एकला "काय मिळेल?" म्हटलं तर डाळभात मिळेल.

पुण्याहून गाडीने निघणार असाल तर पहाटे पाचला निघा, रात्रीचा घाट नको. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण हा रस्ता तुम्हाला सरळ पडतो. थांबत गेलात तर नऊ तास धरा. घाटांची कामं अधूनमधून निघतात, आदल्या दिवशी यजमानांना कोणता घाट चालू आहे ते विचारा, नाहीतर कोल्हापुरातून आंबोलीचा वळसा. आईबाबांना एवढं बसवत नसेल तर त्यांना पनवेलहून कोकण रेल्वेने पाठवा आणि कुडाळला उतरवून घ्या, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, सुट्टीच्या दिवसांत पहिल्याच सकाळी करावं लागतं. गोव्यातलं मोपाचं विमानतळही पर्याय आहे, पण तिथून मालवणपर्यंत दोन तासांच्या टॅक्सीचे पैसे धरून हिशेब करा.

म्हणजे पाच दिवस साधारण असे पडतात: पहिला प्रवासात, संध्याकाळी फक्त किनारा. दुसरा ओहोटी बघून पाण्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, दुपारी झोप, संध्याकाळी लिलाव. चौथा धामापूर, पिंगुळी, सावंतवाडी. पाचव्या दिवशी नाश्ता करून नऊच्या आत निघायचं, म्हणजे घाट उजेडात आणि जेवण कोल्हापुरात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची अदलाबदल तिथी बघून खुशाल करा.

येताना काजू, आमसुलं आणि मालवणी मसाला बाजारपेठेतून घ्या, आणि शक्य झालं तर यजमानीण बाईंकडूनच. कोकमाचं आगळ आणि सरबताचा गोड पाक या दोन वेगळ्या बाटल्या आहेत. सोलकढीला आगळ लागतं, आणि त्यात आधीच मीठ असतं. ती बाटली गाडीत आडवी ठेवू नका. घाटातल्या वळणांवर झाकण सैल झालं तर सीटवरचा डाग निघत नाही.